पट्टा पडल्यावरचं इंग्रजी

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आमच्या शाळेचा पट भरतो. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात नोकरी केल्याशिवाय हे गणित कळायचं नाही. बाकी महाराष्ट्रात पोरं जूनमध्ये शाळेत येतात आणि मेमध्ये आजोळी जातात. आमच्याकडं ती जूनमध्ये येतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ट्रॉलीत बसून ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, काही थेट कर्नाटकात जातात, आणि वर्ष संपायला तीन-चार आठवडे उरले की उन्हानं रापून पुन्हा हजर होतात. सगळी जात नाहीत. काही आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. पण दिवाळीनंतर माझ्या वर्गातले सगळेच्या सगळे बाक भरलेले मी फक्त एप्रिलातच बघितलेत. आणि नेमका त्याच सुमारास तालुक्याच्या ग्रुपवर मेसेज पडतो.

२०२५ च्या एप्रिलात पडला तो असा: ‘सर्व इंग्रजी विषय शिक्षक. इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांकडून वर्षअखेर अवांतर वाचन व सर्जनशील प्रकल्प करून घ्यावेत. पुस्तक परीक्षण, स्वनिर्मित मुखपृष्ठ, चित्रकथा, कथेचा नवा शेवट इत्यादी. फोटो आज पाच वाजेपर्यंत टाकावेत.’

वाचन वर्षभराचं आणि फोटो पाच वाजेपर्यंत. मेसेज आला तेव्हा साडेतीन झाले होते, आणि सकाळची शाळा असल्यामुळे पोरं दुपारच्या आतच घरी जाऊन ओढ्याकाठी बोरीच्या सावलीला पडली होती. तरीही मेसेजखाली दहा मिनिटांत एकेचाळीस अंगठे उमटले. आमच्या गावात ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतानासुद्धा एका दिवसात इतके अंगठे उमटत नाहीत.

कल्पना वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा म्हणेल, गुरुजींना कामच नको. पोरानं एखादं पुस्तक वाचलं, तर त्याला ‘लेखकाने असे का म्हटले आहे’ विचारून त्याचा आनंद घालवण्यापेक्षा त्यातून काहीतरी करायला सांगावं, हे मला मनापासून पटतं. आमचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही २०१० पासून तेच सांगत आलंय. त्यात आकारिक मूल्यमापनाची साधनं आठ. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि जे कशातच बसत नाही ते इतर. सहावीला निम्मे गुण या आकारिकाचे, सातवी-आठवीला शंभरातले चाळीस. साधनं आठ, विषय नऊ, आणि सहावी ते आठवीला शिक्षक आम्ही दोघं. त्यामुळे माझं नाव जरी इंग्रजीचे सर असलं, तरी घंटेगणिक मी बदलत असतो. फक्त शर्ट तोच राहतो.

त्या वर्षी आणखी एक सोय झाली होती. परीक्षा ८ ते २५ एप्रिल आणि निकाल १ मे, असं वेळापत्रक राज्यभर लागलं. त्याआधीच्या वर्षांत एप्रिलाच्या मध्यापर्यंत परीक्षा उरकायची आणि पुढं आम्ही ‘निकालपत्रकं’ या नावाखाली लिंबाच्या झाडाखाली बसायचो. ती सावली गेली. वर पत्रे, खाली फरशी, मध्ये मी आणि सर्जनशीलता.

वाचनाला पुस्तक लागतं, इथपर्यंत शासनाचं आणि माझं एकमत आहे. पुस्तकं आमच्याकडं आहेत. कपाटात आहेत. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात, पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीच्या किल्लीशेजारी. दोन्हींबद्दल त्यांचं धोरण एकच: माल मोजून आलाय, मोजून जाईल. फरक इतकाच, की तांदूळ संपला तर कुणी खुलासा मागत नाही. पुस्तक फाटलं तर मागतात. त्यामुळे आमची इंग्रजी पुस्तकं दहा वर्षांनंतरही नव्या नवरीसारखी कोरी आहेत.

मी हट्टानं एकतीस पुस्तकं बाहेर काढली. त्यातली चौदा एकाच पुस्तकाच्या प्रती निघाल्या, आणि ते पुस्तक बर्फाच्या माणसाचं. गाजराचं नाक, कोळशाचे डोळे, गळ्यात मफलर. सातवीच्या वर्गात मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाहेर बेचाळीस अंश. पोरं गप्प बसून ऐकत होती. मला वाटलं, साहित्याचा परिणाम होतोय.

“सर,” एकानं विचारलं, “ह्यो मानूस खरा बरफाचा?”

“हो.”

“मंग ह्यो आपल्या गावात उतरला, तर यस्टीच्या थांब्यापसून शाळेपर्यंत येईल का?”

वर्गात दोन तट पडले. एक म्हणाला, हनुमानाच्या देवळापर्यंत येईल. दुसरा म्हणाला, छट, टपरीपाशीच गारीगार संपल्यावर उरते तशी नुसती काडी राहील. मग गाजराचं काय करायचं, यावर चर्चा झाली. मफलर कुणी घ्यायचा, यावर मारामारी झाली. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या इंग्रजी पुस्तकावर झालेलं हे सर्वांत सखोल परीक्षण. दुर्दैवानं ते सगळं मराठीत झालं, म्हणून नोंदवहीत त्याला जागा नव्हती.

माझं स्वतःचं इंग्रजीही काही विलायतेहून आलेलं नाही. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, मी त्याच्या आधीचा माल. पाचवीत एबीसीडी, आठवीत तर्खडकर, आणि ‘गोपाळ गाय बांधतो’ याचं भाषांतर करता करता डी.एड. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. वडील मराठीतून. आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन लिप्यांसाठी छड्या खाल्ल्या, आणि तिघांचीही अक्षरं सारखीच वाईट.

पण पोरं लिहीत नाहीत, असं म्हणणाऱ्यानं त्यांची त्या वर्षीची पाठ्यपुस्तकं बघायला हवी होती. २०२३ साली सरकारनं बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी होईल, धड्यानंतर मुलं टिपणं काढतील, असा हेतू. त्या पानांवर ‘माझी नोंद’ असं छापलेलं असायचं. पोरांनी तो शब्द मनावर घेतला. एका पुस्तकात धड्यामागच्या कोऱ्या पानावर गल्लीतल्या क्रिकेट सामन्याचा धावफलक होता, पंचाच्या सहीसकट. एका पोरीनं प्रत्येक कोऱ्या पानावर मेंदीचं नक्षीकाम काढलेलं; कवितेमागं भरगच्च, व्याकरणामागं नुसती बोटांची टोकं. एकानं फुल्ली-गोळ्याचे अठ्ठावीस डाव मांडून खाली एकूण निकाल लावला होता. एका पानावर फक्त एवढंच: ‘आज सर आले नाहीत. मज्जा.’ सर्जनशील लेखन याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं ही पानं पुढच्या वर्षापासून बंद केली. मुलं वह्याही आणतातच आणि कोऱ्या पानांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, म्हणून. म्हणावा तसा होत नसेल. आपल्या मनासारखा मात्र पोरांनी करून घेतला.

तर प्रकल्प. फोटो पाठवायचेच होते, म्हणून मी वर्गाला घरून करून आणायला सांगितलं. विषय सोपा: ‘माय फेव्हरिट बुक’. दोन दिवसांनी टेबलावर तेवीस प्रकल्प येऊन पडले. चकचकीत. प्लॅस्टिकच्या फाइलीत. चमकी लावलेले. मुखपृष्ठावर गुलाब, कोपऱ्यात मोर, मध्ये सोनेरी अक्षरात शीर्षक. क्षणभर छाती भरून आली. मग लक्षात आलं, तेवीसही प्रकल्पांवर गुलाब एकच आहे आणि मोराचा पिसारा एकाच बाजूला कापला गेलाय.

तालुक्याच्या बसस्थानकासमोर एक मल्टिसर्व्हिसेस आहे. तिथं सातबारा निघतो, पीकविमा भरला जातो, पॅनकार्ड मिळतं, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर होतात, आणि मार्च-एप्रिलात शालेय प्रकल्प. साधा पन्नास रुपये, कलर ऐंशी, चमकी घरची. तो माणूस अत्यंत कष्टाळू आहे. त्यानं जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांचं वाचन एकट्यानं केलंय. फक्त घाईत एक गोष्ट राहून गेली. नमुन्यातली एक ओळ त्यानं तीन प्रकल्पांत बदललीच नव्हती.

मी प्रकल्प वाटताना हजेरी घ्यावी तसा नावं पुकारत होतो. पहिला, दुसरा, मग माझ्या तोंडून निघालं, “युवर नेम!”

तीन पोरं उभी राहिली. “येस सर!”

तिघांची आवडती लेखिका एकच होती. तिघांना लहानपणापासून समुद्रकिनारी बसून वाचायला आवडायचं. आमच्या गावाला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे माजलगावचं धरण, आणि तेही त्यातल्या दोघांनी पाहिलेलं नव्हतं. तिसरा मुकादमाचा पोरगा. त्यानं मात्र धरण पाहिलं होतं, बापाच्या बोलेरोतून.

“पुस्तक कोणतं वाचलं रे?” मी विचारलं.

तिघांनी माना खाली घातल्या. मग एकजण म्हणाला, “सर, दुकानदारानं सांगितलं न्हाई.”

त्या रात्री मला दासोपंत आठवले. अंबाजोगाईचे. आमच्या जिल्ह्याला मराठी आद्यकवी म्हणून मुकुंदराजांचा मान सांगता येतो, त्यावर विद्वानांनी वाद घातलेत, घालोत बापडे. दासोपंतांच्या बाबतीत वादाला जागाच नाही, कारण पुरावा चाळीस फूट लांबीचा आहे. सोळाव्या शतकातल्या या माणसानं कागद सोडून कापडावर लिहायला घेतलं. ती पासोडी सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद, आणि तिच्यावर पंचीकरणासारखा वेदान्तातला बिकट विषय ओव्यांत लिहून वर आकृत्याही काढलेल्या. त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. म्हणजे जिल्ह्यातला पहिला चार्टपेपर प्रकल्प, आणि तोसुद्धा मल्टिसर्व्हिसेसशिवाय.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं आणि पासोडी केवढी होती ते कळावं म्हणून व्हरांड्यात खडूनं मापं घ्यायला लावली. व्हरांडा बत्तीस फुटांतच संपला. उरलेले आठ फूट पायऱ्या उतरून पटांगणात, पाण्याच्या टाकीला वळसा घालून काढावे लागले. पोरं त्या आखलेल्या पट्ट्यावर आडवी झोपून बघत होती. एका पोरानं बराच वेळ विचार करून विचारलं,

“सर, त्यांना किती मार्क पडले?”

मला उत्तर देता आलं नाही. चारशे वर्षं होऊन गेली, अजून तपासणं चालू आहे.

मग मी ठरवलं, घरून काहीच आणायचं नाही. इथंच बसायचं, माझ्यासमोर, आणि लिहायचं. इंग्रजी मोडकं चालेल, स्पेलिंग चुकलं तर चुकू दे. सगळ्यांना येणारी एक गोष्ट निवडली. तहानलेला कावळा. घागर, तळाशी पाणी, दगड, पाणी वर, कावळा खूश. शेवट तुमचा तुम्ही बदला.

मी एवढ्या भाबडेपणानं दुष्काळी जिल्ह्यात पाण्याची गोष्ट का निवडली, देव जाणे. पहिल्याच कागदावर लिहिलं होतं: ‘क्रो वेटेड फॉर टँकर. टँकर डिड नॉट कम. सरपंच केम. फोटो टुक. क्रो इज ऑल्सो इन फोटो.’ दुसऱ्यानं विज्ञान घातलं. त्याच्या घागरीच्या जागी बोअर होतं, सहाशे फूट, आणि त्यानं खाली स्पष्ट लिहिलं होतं, की या बोअरमध्ये बालाघाटाचे सगळे दगड टाकले तरी पाणी वर येणार नाही, दगड मात्र संपतील. तिसऱ्याचा कावळा हुशार निघाला. तो चारा छावणीत गेला. ‘फ्री फूड. फ्री वॉटर. नाऊ क्रो इज फॅट. ही डझ नॉट फ्लाय.’ हा पोरगा २०१९ च्या दुष्काळात सात वर्षांचा होता आणि आजोबाबरोबर गुरांच्या छावणीत राहिला होता. तो कल्पनाविलास करत नव्हता.

चौथा कागद मागच्या बाकावरच्या पोरीचा. तिनं एकच ओळ वेगळी लिहिली आणि अख्खी गोष्ट फिरवली: ‘द क्रो इज अ गर्ल. सो शी गोज टू ब्रिंग वॉटर. हर ब्रदर क्रो प्लेज क्रिकेट.’ खाली चित्र. कावळीच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, काखेत दप्तर. भाऊ कावळा बॅट धरून उभा, आणि बॅटवर कंपनीचं नाव अगदी बरोबर स्पेलिंगनं.

मी लाल पेन घेऊन बसलो. व्याकरणाच्या चुका मोजल्या तर पानाला सतरा-अठरा निघत होत्या. गोष्टीत चूक एकही सापडेना. उलट मूळ गोष्टच मला हळूहळू संशयास्पद वाटायला लागली. ज्यानं ती रचली, त्याच्या घागरीत निदान तळाला तरी पाणी होतं.

व्याकरणाचं निघालंच आहे तर सांगतो. बीड जिल्ह्यात भविष्यकाळ शिकवण्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘द ट्रेन विल कम टू बीड.’ नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली, तेव्हा मी शाळेत होतो आणि हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुढं मी शिक्षक झालो आणि तेच फळ्यावर लिहिलं. पोरांना उदाहरण झटकन कळायचं. जे सगळे म्हणतात पण होत नाही, तो भविष्यकाळ. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, बीड-अहिल्यानगर गाडी खरोखरच सुरू झाली आणि माझं तीस वर्षांचं वाक्य एका दिवसात भूतकाळात गेलं. परळीपर्यंतचा तुकडा तेवढा अजून वापरता येतो.

आता एका पोराचं सांगतो. आठवीतला. हजेरीपटावर दिवाळीपासून त्याच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणांची मुंग्यांसारखी रांग, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अचानक ‘ह’. कावळ्याच्या दिवशी तो गैरहजर होता, म्हणून त्याला वेगळं पुस्तक परीक्षण करायला सांगितलं. फळ्यावर मी नमुना लिहून दिला. पुस्तकाचं नाव, लेखक, पात्रं, कथानक, शेवट.

“सर, मी पुस्तक न्हाई वाचलं,” तो म्हणाला. “मपली वहीच वाचली. तिकडं ऊसतोडीच्या कोपीवर दुसरं काई नव्हतं.”

वही म्हणजे माझ्याच विषयाची. इंग्रजीची. पहिली अकरा पानं माझी: ‘माय स्कूल’, ‘माय व्हिलेज’, शब्दार्थ, दिवाळीचा अभ्यास. बाराव्या पानापासून रकाने आखलेले. डेट. ग्रॉस. टेअर. नेट. रोजची एक ओळ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत.

“हे काय?”

“काट्याची चिठ्ठी, सर. मुकादमाकडं असती. मी ट्रॅक्टरवर बसून बघून घ्यायचो अन् रात्री लिहायचो. ग्रॉस म्हंजी भरलेली गाडी. टेअर म्हंजी रिकामी गाडी. नेट म्हंजी नुस्ता ऊस. आपलं जे ऱ्हातं ते नेट.”

‘नेट’ या शब्दाचा अर्थ मी त्याला ‘जाळे’ असा दिला होता. तोही त्याच्या वहीत होता, चौथ्या पानावर. दोन्ही अर्थ एकाच वहीत आठ पानांच्या अंतरावर सुखानं नांदत होते.

त्यानं परीक्षण लिहून दिलं. पुस्तकाचं नाव: ‘हिशेब’. लेखक: ‘फादर अँड मी. फादर टेल, आय राइट.’ पात्रं: फादर, मदर, मुकादम, ट्रॅक्टर. शेवट: ‘टू बी कंटिन्यूड आफ्टर दसरा.’ आणि कथानकाचं पहिलं वाक्य: ‘माय फादर अँड मदर इज वन सिकल.’

मी सवयीनं ‘इज’भोवती लाल गोल काढला आणि वर ‘आर’ लिहिलं.

“सर, कामून?”

“फादर आणि मदर. दोघं. अनेकवचन. म्हणून आर.”

“पर दोघं मिळून एकच कोयता धरत्यात, सर. मुकादमाच्या वहीत बी एकच लिवत्यात. एकटा गेला तर अर्धा कोयता.” तो थोडा थांबला. “तुम्हीच सांगितलं व्हतं. ब्रेड अँड बटर इज.”

सांगितलं होतं. दोन वस्तू मिळून एक होत असतील तर क्रियापद एकवचनी. तेव्हा पोरांना ब्रेड-बटर कळलं नाही, म्हणून मी भाकरी-ठेचा असं उदाहरण दिलं होतं. आता माझाच नियम माझ्यासमोर उभा. मी ‘आर’ खोडलं, गोल खोडला. त्या खोडाखोडीत ‘इज’ कुठं गेलं ते दिसेना, म्हणून शेजारी पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. पुढच्या ओळीत ‘फादर टेक लिफ्ट फ्रॉम मुकादम’ असं होतं. उचल. तिथं मी ‘ॲडव्हान्स’ लिहायला सांगितलं. तो म्हणाला, ॲडव्हान्स म्हणजे पुढं जाणं असं शब्दार्थात आहे, उचल घेतल्यावर तर पुढच्या हंगामापर्यंत हलता येत नाही. मी म्हणालो, लिफ्टच राहू दे.

मग मी वही पुढून मागून तपासली. तपासणं म्हणजे काय, हे शिक्षकाला सांगावं लागत नाही. हात आपोआप चालतो. प्रत्येक पानावर बरोबरची खूण, प्रत्येक ओळीपुढं बारीक टिक, शेवटच्या बेरजेखाली मोठी टिक, त्याखाली ‘सीन’, तारीख आणि सही. नोंदवहीत वर्णनात्मक नोंद केली: ‘इंग्रजीत स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडतो.’ श्रेणी अ-१. फोटो काढून ग्रुपवर टाकला. केंद्रप्रमुखांचं उत्तर लगेच आलं: ‘सर, प्रकल्प टाका. ही किराणाची वही दिसते.’ शेवटी मी तेवीस गुलाब आणि तेवीस मोर टाकले. त्यांना एकेचाळीस अंगठे मिळाले.

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले. पोरं पांगली. मी खुर्च्या मोजून घेत होतो, तेवढ्यात त्या पोराचा बाप वही छातीशी धरून आला. मागं पोरगा. बापानं पायरीखाली चपला काढल्या.

“सर, जरा इचारायचं व्हतं. तुम्ही ही वही तपासली का?”

“तपासली ना. फार छान लिहिलंय. अ-१ दिलंय.”

“तेच तर.” त्यानं वही उघडली. “काल मुकादम हिशेबाला बसला. मला वाटायलं, टनं कमी धरलीत. मी म्हनलं, मपल्या पोरानं रोजचं लिवलंय, बघा. त्यानं वही घेतली, शेवटची बेरीज बघितली अन् म्हनला, हे बघ, तुझ्याच पोराची बेरीज मपल्याशी जुळती. वर सरांनी बरोबर केलंय, सही हाय, तारीख हाय. आता काय बोलायचं?”

मी शेवटचं पान बघितलं. बेरजेखाली माझी लाल टिक, चांगली ठसठशीत, शेपूट थेट समासापर्यंत ओढलेलं.

“सर, बेरीज बी बघितली व्हती का?”

मी इज बघितलं होतं. आर बघितलं होतं. लिफ्ट बघितली होती. बेरीज बघितली नव्हती.

तिघंही पायरीवर बसलो. मी ‘नेट’चा रकाना वरून खाली घेत गेलो, बाप बोटांवर मोजत गेला, पोरगा पेन्सिलनं समासात हातचे लिहीत गेला. एकम स्थानाशीच पत्ता लागला. हातचे तीन धरायचे राहून गेले होते. तीस टन. उसाच्या तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला होता, तो बापाला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. तीस गुणिले तीनशे सहासष्ट. दहा हजार नऊशे ऐंशी.

मी जुनी टिक खोडली, खाली नवी बेरीज लिहिली, नवी सही केली. खाडाखोड आहे, मुकादम मानणार नाही, असं बाप म्हणाला. म्हणून मुख्याध्यापकांकडं गोल शिक्का मागायला गेलो.

“कशावर मारायचाय?”

“इंग्रजीच्या प्रकल्पावर.”

त्यांनी वही उलटून-पालटून बघितली. ग्रॉस, टेअर, नेट वाचलं. “इंग्रजीच आहे,” म्हणाले, आणि शाईच्या पॅडवर थुंकी लावून शिक्का मारला.

बाप वही घेऊन मुकादमाच्या घराकडं निघाला. मी पोराला थोडा मागं थांबवलं. एवढ्या उन्हात माझी चिडचिड कुणावर तरी निघायचीच होती.

“काय रे, आठवीत गेलास तरी हातचा धरता येत नाही? गणितात कुणी शिकवलं नाही का तुला?”

“शिकवलं की, सर,” तो म्हणाला. “गणित बी तुम्हीच घेता.”